‘नीघ’ ही हाक कोणाला?

आषाढीला पंढरीस चला, असे निमंत्रण कोणी धाडत नाही. डोईवर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाईला ‘तुला कोणी बोलावले?’ असे दिंडीत कोणी विचारत नाही. हा प्रश्न आपल्याला पडतही नाही. पण तो ज्यांना पडला, त्यांच्या एका गाण्याविषयी आज लिहितो.

ज्यू लोकांच्या तोरा ग्रंथात, उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात, देव अब्राहामाला घरदार सोडून अनोळखी देशाकडे निघायला सांगतो. मराठीत ‘नीघ’ म्हटले तर ते पुरुषालाही चालते, बाईलाही. हिब्रूत आज्ञेलाच लिंग असते. ‘लेख लेखा’ म्हणजे पुरुषाला केलेली आज्ञा. अब्राहाम तेव्हा 75 वर्षांचा होता. पत्नी सारा त्याच्याहून 10 वर्षांनी लहान, तीही निघाली. वाट दोघांनी चालली, हाक मात्र एकालाच आली.

अमेरिकेतील गायिका-संगीतकार डेबी फ्रीडमन (1951–2011) यांनी सविना टोबल या अभ्यासिकेसह, टोबल यांच्या साठीच्या सोहळ्यासाठी, या आज्ञेचे गाणे केले. त्यात आज्ञा स्त्रीलिंगी झाली: ‘लेखी लाख’. साठीला आलेली बाई घरात बसवली जाते. इथे तिला देवाने प्रवासाला निघायला सांगितले. आणि पुरुषाला हाकललेले नाही. नव्या रूपामागोमाग जुने रूपही गाण्यात येते. चाल इतकी सोपी, की दुसऱ्या खेपेला सगळी सभा सोबत म्हणते. गाणे टिकले ते यामुळे, असे मला वाटते.

‘पण देवाचे शब्द बदलायचे का?’ हा आक्षेप आपल्यालाही समजतो. गाथ्यातले अक्षर इकडचे तिकडे झालेले आपल्याला खपत नाही. तोराच्या हस्तलिखित गुंडाळीतही एक अक्षर चुकले, तर दुरुस्ती होईपर्यंत ती वाचनाला चालत नाही. फ्रीडमन यांनी त्या गुंडाळीला हात लावला नाही. मूळ जागेवर ठेवून शेजारी गाणे उभे केले. माउलींनी तरी काय केले? गीतेचा श्लोक तसाच राहिला, शेजारी ओवी आली, आणि ज्यांना संस्कृताचे दार बंद होते त्यांना आत येता आले.

दुसरा मार्ग कवयित्री मार्शिया फॉक यांचा. 1996 साली त्यांचा आशीर्वचनांचा ग्रंथ आला. ज्यू परंपरेत जेवणाआधी पावावर देवाची स्तुती म्हणतात. तीत देवाला ‘तू’ म्हटले जाते, आणि हिब्रूत ते ‘तू’ही पुल्लिंगी असते. फॉक यांनी तो राजा, तो धनी बाजूला ठेवला. देवाला ‘जीवनाचा झरा’ म्हटले. हिब्रूत हा शब्द स्त्रीलिंगी आहे. आणि ‘तू धन्य’ ऐवजी ‘आपण धन्य म्हणू या’ अशी रचना केली.

विचार खोल आहे, सगळ्यांना सामावणारा आहे. तरी वारकऱ्याच्या कानाला त्यात उणीव जाणवते: ‘तू’ गेला. झऱ्याविषयी बोलता येते. झऱ्याशी भांडता येत नाही, त्याच्यावर रुसता येत नाही. जनाबाई देवाशी भांडल्या, त्या याच ‘तू’च्या बळावर. फॉक यांची अडचण मात्र खरी आहे. आपले ‘तू’ आईलाही तेच, बापालाही तेच. म्हणून विठोबाची विठाई झाली तरी आपली हाक मोडत नाही. त्यांच्या भाषेने ही सवलत दिलेली नाही. म्हणून दोष देण्याआधी आपण आपल्या भाषेचे उपकार मानावेत.

कोकणातले बेने इस्राएल ज्यू मराठीच बोलत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी आपल्या पूर्वजांच्या कथांवर मराठीत कीर्तने रचली. तीच हाक मराठीत आली, की ती ऐकणाऱ्या बाईला वेगळे गाणे रचावे लागत नाही.

पण भाषेने दार उघडे ठेवले म्हणून काम संपते का? मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई यांचे अभंग आपण रोज गातो. तरी फडावर वीणा बहुधा पुरुषाच्याच गळ्यात असते. अमेरिकेतल्या त्या बायांना एक क्रियापद बदलावे लागले. आपल्याला तेही बदलायचे नाही. फक्त गळ्यातली वीणा पुढच्या हाती द्यायची आहे.

रामकृष्णहरी.