भावाची वार्ता आणि जहाजाची मालकी : अवकाश-व्यापाराच्या संगणकीय खेळाची चिकित्सा (हिंगोली जिल्ह्यातील हळद-बाजाराच्या संदर्भात)

प्रास्ताविक :

हिंगोली जिल्ह्याची निर्मिती १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याच्या विभाजनातून झाली. त्यानंतरच्या पाव शतकात या जिल्ह्याची राज्यभर जी ओळख झाली, तिच्यात संत नामदेवांच्या नर्सीबरोबरच हळदीचाही वाटा मोठा आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. एके काळी येथील हळद चारशे किलोमीटरहून दूर असलेल्या सांगलीच्या पेठेत जात असे. आज हिंगोली आणि वसमत येथील बाजार समित्यांच्या आवारात तिचा मोठा व्यवहार होतो. त्या व्यवहाराचे आकडे सायंकाळपर्यंत गावोगावच्या मोबाइलवर पोहोचतात. भावाची माहिती शेतकऱ्याच्या हाती आली की त्याची सौदाशक्ती वाढते, हे गृहीतक गेली दोन-अडीच दशके शासकीय योजना, खाजगी कंपन्या आणि कृषिविस्तारविषयक लेखन या सर्वांनी जवळजवळ निर्विवाद मानले आहे.

हे गृहीतक तपासण्यासाठी प्रस्तुत लेखात एका अनपेक्षित संहितेचा आधार घेतला आहे. ती संहिता म्हणजे अवकाश-व्यापारावर आधारलेला संगणकीय खेळ आणि त्या खेळातील बाजारभाव परस्परांत वाटून घेण्यासाठी खेळाडूंनी स्वतः उभी केलेली साधने. खेळ हा करमणुकीचा विषय असल्याने विद्यापीठीय चर्चेत त्याला सहसा स्थान मिळत नाही. परंतु समाजाच्या अर्थव्यवहाराविषयी जे आपण मोघमपणे मानतो, ते खेळ रचणाऱ्याला नियमांच्या रूपाने स्पष्ट लिहावे लागते. म्हणून कादंबरीइतकाच खेळही समीक्षेचा विषय होऊ शकतो.

खेळातील बाजार :

डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन तरुणांनी रचलेला ‘एलिट’ हा खेळ इंग्लंडमध्ये १९८४ साली बीबीसी मायक्रो या संगणकासाठी प्रसिद्ध झाला. आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह आणि १७ प्रकारचा माल एवढा त्याचा पसारा होता. खेळाडूजवळ एक लहान जहाज आणि थोडे भांडवल असे. कृषिप्रधान ग्रहावर अन्न स्वस्त व संगणक महाग, तर औद्योगिक ग्रहावर याच्या उलट स्थिती. या दोहोंतील फरक हाच खेळाडूचा नफा. कोणत्या ग्रहावर काय भाव चालू आहे हे तेथे उतरल्यावरच कळे, आणि जे कळले ते लक्षात ठेवायचे तर कागदावर टिपून ठेवण्याचे काम खेळाडूचेच होते.

याच परंपरेतील ‘एलिट डेंजरस’ हा खेळ फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आपल्या आकाशगंगेची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. तारकासमूहांची संख्या सुमारे ४०० अब्ज सांगितली जाते. मूळ नियम मात्र तोच राहिला. अवकाशस्थानकावर जहाज उतरवल्याशिवाय तेथील ताजा भाव दिसत नाही. एवढ्या अफाट विश्वात एकट्या खेळाडूने किती ठिकाणी उतरावे? या अडचणीतून खेळाबाहेरची साधने जन्मास आली. आरंभी पडद्याचे चित्र टिपून त्यातील आकडे ओळखणाऱ्या प्रणाली वापरात होत्या. २०१६ पासून खेळ स्वतःच प्रत्येक घडामोडीची नोंदवही खेळाडूच्या संगणकावर लिहू लागला आणि काम सुकर झाले. खेळाडू स्थानकावर उतरून बाजाराचे पान उघडतो; ‘ईडी मार्केट कनेक्टर’सारखा छोटा कार्यक्रम तेथील भाव, साठा आणि मागणी वाचून ‘एलिट डेंजरस डेटा नेटवर्क’ या सामाईक जाळ्यावर पाठवतो. हे जाळे स्वतः काही साठवत नाही. आलेली नोंद ते सर्व ग्राहक-संकेतस्थळांकडे पुढे धाडते. ‘ईडीडीबी’ हे असे एक प्रसिद्ध भावकोश-संकेतस्थळ २०२३ मध्ये बंद पडले, पण मूळ प्रवाह कोणा एकाच्या मालकीचा नसल्याने ‘इनारा’सारख्या अन्य ठिकाणी भाव मिळत राहिले.

या व्यवस्थेचे तीन विशेष नोंदवण्यासारखे आहेत. भाव देणारा आणि घेणारा एकच वर्ग आहे. जो वाचतो तोच लिहितो. भाव कळवण्यासाठी वेगळे श्रम पडत नाहीत, नेहमीचा व्यापार करता करता नोंद आपोआप होते. तिसरा विशेष साधा दिसतो, परंतु सर्वांत मोलाचा तोच आहे. प्रत्येक भावापुढे तो किती वेळापूर्वीचा आहे हे लिहिलेले असते. गजबजलेल्या स्थानकाचा भाव काही मिनिटांपूर्वीचा असतो. आडवाटेच्या स्थानकाचा भाव कित्येक आठवडे जुना असू शकतो, आणि वाचणाऱ्याला ते ठाऊक असते. आपल्या अज्ञानाचे माप सोबत देणारी माहिती प्रत्यक्ष जगातही फारशी आढळत नाही.

तथापि या सहकाराची स्तुती करताना एक गोष्ट नजरेआड होते. येथे भाव वाटून घेतल्याने कोणाचेच फारसे नुकसान होत नाही, कारण समोरचा विक्रेता माणूस नसून गणिती सूत्र आहे. आइसलँडच्या सीसीपी या कंपनीचा २००३ सालचा ‘ईव्ह ऑनलाइन’ हा खेळ या बाबतीत वेगळा आहे. त्यात बहुतेक माल खेळाडूच तयार करतात व खेळाडूच विकत घेतात. ‘जिटा’ नावाच्या पेठेत हजारोंची वर्दळ असते. कंपनीने २००७ मध्ये एका अर्थशास्त्रज्ञाची नेमणूक केली होती, इतका तो बाजार खरा झाला होता. तेथे एकाला कळलेला भाव दुसऱ्याच्या खिशातून काहीतरी काढून घेतो. तेथेही खेळाडूंनी भावसंग्रहाची साधने उभारली. पण तेथील चतुर व्यापारी भाव वाचतो अधिक आणि सांगतो कमी. ‘एलिट’मधील औदार्य हा खेळाडूंच्या स्वभावाचा गुण मानण्यापेक्षा खेळाच्या नियमांचा परिणाम मानणे अधिक सयुक्तिक ठरेल.

भाव उघड करण्याचा आपला इतिहास :

बाजारभाव उघड असावा ही मागणी आपल्याकडे संगणकाच्या फार आधीची आहे. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवण्याच्या ‘हत्ता’ पद्धतीत शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या मालाचा सौदा होई आणि सौद्याचा आकडा मात्र त्यालाच कळत नसे. शेजारच्या वऱ्हाडात १८९७ मध्ये कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारपेठांची शिफारस केली. मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथे १९३० मध्ये कृषी बाजार कायदा आला, तर संयुक्त महाराष्ट्रात १९६३ चा अधिनियम झाला. उघड लिलाव, मालाचे वजन आणि लेखी हिशोबपट्टी या गोष्टी या कायद्यांनी दिल्या. त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

पुढील टप्पा माहितीच्या जाळ्याचा होता. केंद्र शासनाचे ‘ॲगमार्कनेट’ २००० मध्ये सुरू झाले. ते बाजार समितीनिहाय आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन दर देते. ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही लघुसंदेशाची सशुल्क सेवा २००७ मध्ये महाराष्ट्रातच सुरू झाली. १४ एप्रिल २०१६ रोजी ‘ई-नाम’ आले. या सर्व व्यवस्थांत एक साम्य आहे : शेतकरी येथे केवळ वाचक आहे. नोंद बाजार समिती करते, संस्था किंवा कंपनी ती पाठवते, आणि ज्याच्या मालावरून ती नोंद तयार झाली तो ती स्वीकारतो.

शिवाय हळदीसारख्या मालात तीन दरांनी फारसे उलगडत नाही. हळकुंड आणि गड्डा यांचे भाव वेगळे. ओलावा किती, शिजवणी कशी झाली, पॉलिश कसे उतरले, यावर एकाच दिवशी एकाच आवारात दोन ढिगांच्या भावांत मोठे अंतर पडते. वृत्तपत्रांत व मोबाइलवर जो ‘विक्रमी भाव’ झळकतो तो बहुधा एखाद्या निवडक ढिगाचा असतो. खेळात एक टन माल दुसऱ्या टनासारखाच असतो. तेथे प्रतवारीचा प्रश्नच उद्भवत नाही. भाव हा मालाचा गुणधर्म आहे हा भ्रम खेळात खपून जातो, बाजारात तो महागात पडतो.

जहाज कोणाचे? :

माहितीच्या परिणामांविषयी झालेले अभ्यास येथे विचारात घ्यावे लागतात. रॉबर्ट जेन्सन यांचा केरळातील मच्छीमारांवरील अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे सर्वत्र उद्धृत झाला. मोबाइल आल्यावर निरनिराळ्या किनाऱ्यांवरील भावांतील तफावत झपाट्याने घटली आणि न विकता फेकून द्यावे लागणारे मासे जवळजवळ उरले नाहीत, असे त्यांनी दाखवले. याच्या शेजारी मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटेन यांचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला महाराष्ट्रातील अभ्यास ठेवावा. शंभर गावांत काही शेतकऱ्यांना ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ची सेवा विनामूल्य देऊन त्यांची तुलना इतरांशी केली गेली. अभ्यासलेल्या पिकांत सोयाबीन होते आणि जिल्ह्यांत लातूर होता, म्हणजे मराठवाड्याचा अनुभवही त्यात आला. विक्री कोठे करावी यावर थोडाफार परिणाम आढळला. मिळालेल्या भावात मात्र संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय वाढ दिसली नाही.

एकाच प्रकारच्या माहितीचे दोन ठिकाणी असे भिन्न परिणाम का व्हावेत, याची अनेक कारणे देता येतील. पण ‘एलिट’चे नियम वाचल्यावर एक कारण ठळकपणे पुढे येते. केरळातील मच्छीमार समुद्रात असताना त्याच्यापाशी होडी होती; दूरध्वनीवर भाव ऐकून तो सुकाणू दुसऱ्या किनाऱ्याकडे वळवू शकत होता. ‘एलिट’मधील खेळाडूजवळ जहाज असते. भावाची वार्ता ज्याच्याजवळ वाहन, भांडवल आणि थांबण्याची सवड आहे त्याच्याच हातात नफ्याचे रूप घेते.

‘एलिट’च्या विश्वात शेतकरी नाही. कृषिप्रधान ग्रह आहे, तेथे अन्न स्वस्त आहे आणि यंत्रे महाग आहेत. परंतु तेथे पिकवणारा कोण, त्या स्वस्ताईत तो कसा जगतो, हे विचारण्याची सोय खेळात नाही. ग्रह म्हणजे भावाचा एक ठिपका. सारी साधने त्या ठिपक्यांमधील अंतर मोजण्यासाठी आहेत. व्यापाऱ्याच्या दृष्टीने रचलेल्या खेळात हे स्वाभाविकच आहे, त्याबद्दल रचनाकारांना दोष देण्याचे कारण नाही. दोष द्यायचा तर तो हीच दृष्टी कृषिविषयक धोरणात जशीच्या तशी उतरवणाऱ्यांना द्यावा लागेल. सेनगाव किंवा औंढा तालुक्यातील दोन-तीन एकरांचा हळद उत्पादक हा जहाजाचा मालक नाही; तो त्या ग्रहाचा रहिवासी आहे. निजामाबादचा किंवा सांगलीचा भाव त्याला क्षणात कळतो. पंधरा-वीस क्विंटल माल तिकडे नेण्याचे भाडे, तेथील अनोळखी अडत्या आणि बियाणे-खताची थकलेली उधारी या गोष्टी त्या संदेशात नसतात.

याचा अर्थ माहिती निरुपयोगी आहे असा नव्हे. मध्य प्रदेशातील सोयाबीन पट्ट्यात ‘ई-चौपाल’च्या केंद्रांमुळे बाजारातील भाव १ ते ३ टक्क्यांनी वाढले, असे अपराजिता गोयल यांच्या २०१० मधील अभ्यासात आढळले. परंतु तेथे भावासोबत दुसरा खरेदीदारही उपलब्ध झाला होता, हे विसरता येत नाही. खेड्यात येऊन खरेदी करणाऱ्याला आता अगदीच मनमानी आकडा सांगता येत नाही, हाही लाभ खराच.

हळदीच्या बाबतीत आणखी एक शक्यता आहे, कारण हळद मासळीप्रमाणे नाशवंत नाही. नीट वाळवलेली हळद ठेवता येते. स्थळातील अंतर पार करणारे जहाज नसले तरी काळातील अंतर पार करणारे गोदाम असू शकते. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. तीत ठेवलेल्या मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते आणि हळदीचाही तीत समावेश आहे. २०२३ च्या उन्हाळ्यानंतर हळदीचे भाव झपाट्याने चढले, तेव्हा हंगामातच माल विकून मोकळ्या झालेल्या शेतकऱ्याला ती वार्ता मोबाइलवर मिळालीच. तिचा उपयोग ज्यांच्या गोदामात माल होता त्यांनाच झाला. भावाच्या संदेशावर होणारा खर्च आणि गोदामावर होणारा खर्च यांची तुलना धोरणकर्त्यांनी एकदा या दृष्टीने करून पाहावी.

पट्टीतील माहिती :

खेळाडूंच्या साधनांपासून घेण्यासारखे जे आहे ते मात्र वेगळ्या ठिकाणी आहे. तेथील प्रत्येक नोंद प्रत्यक्ष उतरलेल्या जहाजाची असते. आपल्याकडे तिच्याशी तुल्य असा एकच कागद आहे : सौदा झाल्यावर शेतकऱ्याच्या हाती पडणारी हिशोबपट्टी. तारीख, वजन, दर, हमाली, तोलाई आणि अखेरीस हाती आलेली रक्कम असे सर्व तीवर असते. बाजार समितीचा सर्वसाधारण दर सौद्याविषयी सांगतो. शेतकऱ्याच्या पदरात नेमके काय पडले ते पट्टी सांगते. या दोहोंतील अंतर हाच अभ्यासाचा खरा विषय आहे, आणि त्याची नोंद कोणत्याही सार्वजनिक जाळ्यावर नाही.

शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आपल्या सभासदांच्या पट्ट्या, नावे वगळून आणि तारखेसह, एकत्र मांडल्या तर कोणत्या प्रतीच्या ढिगाला कोणत्या आवारात किती दर मिळाला आणि किती वजावट झाली हे प्रथमच उत्पादकाच्या बाजूने दिसेल. अडचणी उघड आहेत. प्रतवारीचे शब्द गावागणिक बदलतात. अडत्याकडून उचल घेतलेला शेतकरी त्याची पट्टी दाखवण्यास कचरतो; ‘ईव्ह’मधील व्यापाऱ्याप्रमाणे त्यालाही समोर माणूस असल्याची जाणीव असते. नोंद करण्याचे श्रम येथे आपोआप उरकत नाहीत, ते कोणाला तरी रोज करावे लागतील. जिल्ह्यातील वाणिज्य आणि अर्थशास्त्र विभागांना क्षेत्रीय प्रकल्पासाठी दरवर्षी विषय हवे असतात, आणि बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरी त्या पट्ट्या पत्र्याच्या पेटीत वर्षानुवर्षे ठेवलेल्या आहेत.