कुलूप बळकट, पण किल्ली एकच

संगणक सुरक्षेवरील भाषणांत एक ठरलेला उपदेश असतो: पासवर्ड अवघड ठेवा, त्यात चिन्हे घाला, दर तीन महिन्यांनी तो बदला. आमच्या मते हा उपदेश अपुरा आहे, आणि काही अंशी चुकीचाही.

दोन घटना पाहू. सोशल नेटवर्कवरील खेळ व करमणुकीच्या आज्ञावल्या बनविणाऱ्या रॉकयू कंपनीकडून 2009 मध्ये 3 कोटी 20 लाखांहून अधिक पासवर्ड चोरीस गेले. ते वाचता येतील असे, जसेच्या तसे साठवलेले होते. म्हणजे अवघड पासवर्ड ठेवणाराही तितकाच उघडा पडला. 2019 मध्ये झिंगा या खेळ बनविणाऱ्या कंपनीकडून 17 कोटींहून अधिक खात्यांची माहिती गेली. तेथे पासवर्डवर एसएचए-1 ही गणिती प्रक्रिया केलेली होती.

ही प्रक्रिया दळणासारखी असते. पिठातून तांदूळ परत मिळत नाही. परंतु चोर निरनिराळे शब्द दळून पीठ जुळते का ते पाहतो. आजचे एक ग्राफिक कार्ड सेकंदाला 100 कोटींहून अधिक शब्द असे दळू शकते. इंग्रजी आठ लहान अक्षरांच्या सुमारे 20,900 कोटी जुळण्या होतात. 100 कोटींच्या वेगानेही त्या साडेतीन मिनिटांत संपतात. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या बारा अक्षरांना त्याच वेगाने तीन वर्षे लागतील. चिन्हांपेक्षा लांबी मोलाची, ती अशी.

खरा धोका याहून साधा आहे. भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या गावात मूल वडिलांच्या मोबाइलवर खेळते आणि खेळाचा पासवर्ड तोच ईमेलचा असतो. चोर ती जोडी ईमेलला लावून पाहतो. ईमेल उघडला, की त्याच्या आधारे इतर खात्यांचे पासवर्डही बदलता येतात. ठराविक मुदतीने शेवटचा अंक बदलून हे टळत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने 2017 मध्येच अशी सक्ती नको, असे सुचविले. पासवर्ड फुटल्याचे कळले, तर मात्र तो ताबडतोब बदलावा.

आणखी एक उणीव म्हणजे, या उपदेशात सारा भार वापरणाऱ्यावरच पडतो. भारताच्या 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती नीट न सांभाळणाऱ्या संस्थेला 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे.

तेव्हा शिक्षकांनी तीनच गोष्टी शिकवाव्यात: प्रत्येक खात्याला वेगळा व लांब पासवर्ड, तो लक्षात राहत नसेल तर घरच्या वहीत जपून ठेवलेली नोंद, आणि ईमेलला दुहेरी पडताळणी. आणि 26 चा आठवा घात वर्गात फळ्यावर काढून पाहावा. भाषणापेक्षा ते उत्तर अधिक पटेल.