हरवलेला वक्ता

आमच्या शाळेत वसईकडच्या एक बाई होत्या. कपाटाची किल्ली सापडेनाशी झाली की त्या डोळे मिटून संत अंतोनीला हाक मारीत; मग किल्ली बहुधा त्यांच्याच पर्समध्ये निघे. आम्ही थट्टा करीत असू. पुढे या अंतोनीचे चरित्र हाती आले, तेव्हा वाटले की सगळ्यांच्या हरवलेल्या वस्तू शोधून देणारा हा गृहस्थ स्वतःच कुठेतरी हरवला आहे!

त्याला पादुवाचा म्हणतात. पण तो मूळचा लिस्बनचा, जन्म ११९५ च्या सुमाराचा. पाळण्यातले नाव फर्नांदो. कोइंब्राच्या मठात ग्रंथांत बुडालेला असताना, १२२० साली मोरोक्कोत मारल्या गेलेल्या पाच फ्रान्सिस्कन संन्याशांचे अवशेष तेथे आले. याने पंथ बदलला, नाव बदलले, आणि हौतात्म्याच्या ओढीने मोरोक्को गाठला. तिथे नशिबी आले आजारपण, आणि परतीचे जहाज वादळाने सिसिलीच्या किनाऱ्याला लावले. १२२२ साली फोर्ली येथे एका दीक्षाविधीत ऐनवेळी बोलायला कोणी तयार होईना, म्हणून या अबोल माणसाला उभे केले. (स्नेहसंमेलनाचे पाहुणे न आल्यामुळे मीही असा दोनदा उभा राहिलो आहे, परिणाम वेगळा झाला.) तेथून उणीपुरी नऊ वर्षे तो बोलत राहिला. १३ जून १२३१ रोजी तो वारला, आणि वर्ष पुरे होण्याआधीच पोपने त्याला संत ठरवले.

त्याची लॅटिन प्रवचने आज उपलब्ध आहेत. ती भाषांतरातून वाचताना माझी निराशा झाली, हे कबूल केले पाहिजे. वचनामागून वचन, शब्दांच्या व्युत्पत्ती, पशुपक्ष्यांचे दाखले! मग ध्यानात आले की ही श्रोत्यांसाठी लिहिलेलीच नाहीत. इतर प्रवचनकारांच्या उपयोगासाठी केलेली ही सामग्री आहे. बुवांची टिपणवही वाचून कीर्तनाचा रंग कसा कळावा? फक्त व्याजखोर सावकार आणि चैनी धर्माधिकारी यांचा विषय निघाला की त्या लॅटिनलाही धग येते.

त्या आवाजाची खरी साक्ष मिळते ती पादुवाच्या नगरसभेच्या दप्तरात. १२३१ च्या उपवासकाळात तो तिथे रोज प्रवचन करी. त्याच वर्षी १५ मार्चला सभेने ठराव केला की, ऋणको आपली मालमत्ता सोडून देत असेल, तर केवळ कर्जापायी त्याला तुरुंगात डांबू नये. हे अंतोनीच्या विनंतीवरून केले, असे त्या ठरावातच नमूद आहे. कोणत्याही वक्त्याच्या भाषणाचे याहून चांगले परीक्षण मी वाचलेले नाही.

लोकांनी मात्र लक्षात ठेवले ते रिमिनीचे मासे! माणसे ऐकेनात, म्हणून त्याने माशांना उपदेश केला आणि त्यांनी पाण्याबाहेर डोकी काढून तो ऐकला. कथा गोड आहे, पण मला ती किंचित संशयास्पद वाटते. माशांना सांगितलेल्या प्रवचनाने कुठल्याही सावकाराची झोप उडत नाही. त्यापेक्षा दुसरी दंतकथा सरस: मेलेल्या कंजूषाचे काळीज त्याच्या छातीत नव्हे, तिजोरीत सापडते. दोनातेल्लोने ती पादुवाच्या वेदीवर ब्राँझमध्ये कोरली, ते उगाच नव्हे. १२६३ साली थडगे उघडले, तर म्हणे जीभ तेवढी शाबूत निघाली. ती आजही पादुवाच्या मंदिरात ठेवलेली आहे. जीभ जपली, बोलणे गेले.

पोर्तुगिजांबरोबर हा लिस्बनकर आपल्या गोव्यात आला. १६५५ साली पाद्री आंतोनिओ द साल्दान्य याची ‘जीवित्वकथा’ रायतूरला छापली गेली. तिच्यात मराठी ओव्या आहेत, पण लिपी रोमन! प्रियोळकरांनी ती संपादून पुढे आणली, म्हणून माझ्यासारख्या मॅट्रिक मास्तराच्या हाती लागली. परदेशी पाद्र्यालाही संतचरित्र म्हटले की ओवीच सुचावी, याचे मला कौतुक वाटले.

त्याच गोव्यात सरकारने या संताला लष्करात कप्तानाचा हुद्दा दिला होता. त्याची मूर्ती वर्षातून एकदा वाजतगाजत खजिन्याकडे नेत आणि तिच्या नावाचा पगार वसूल करून आणीत. अंगावरच्या झग्यापलीकडे ज्याने काही बाळगले नाही आणि कर्जदारांसाठी ज्याने तोंड वाजवले, त्याचे नाव पलटणीच्या पगारपत्रकावर!