बियाण्यातील विषाणूंचे प्रतिरक्षाशास्त्रीय निदान : एक चिकित्सा

वनस्पती-विषाणूंच्या निदानासाठी एलायझा चाचणी क्लार्क व अ‍ॅडम्स यांनी १९७७ मध्ये रूढ केली. या चाचणीत प्रतिपिंड विषाणूच्या आवरणातील प्रथिन ओळखते व विकराच्या क्रियेने रंग येतो. रंग आला म्हणजे बियाणे रोगट, असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. तो सर्वत्र ग्राह्य नाही. टोमॅटोच्या बियांत तंबाखू मोझॅक गटातील विषाणू प्रामुख्याने बीजकवचावर असतो, गर्भात नव्हे. शिवाय प्रक्रियेने निष्प्रभ झालेल्या विषाणूचे प्रथिनही रंग देऊ शकते. अशा वेळी चांगले बियाणेही नाकारले जाते.

दौंड तालुक्यातील भांडगावसारख्या ऊसपट्ट्यात प्रश्न नेमका उलट आहे. उसाचे बियाणे म्हणजे कांडीचे बेणे. त्यातील विषाणू नव्या लागणीत आणि पुढे खोडव्यातही उतरतो. पिवळ्या पानाच्या रोगाची लक्षणे कित्येक महिने दिसत नाहीत, म्हणून नजरेने निवडलेले बेणे निर्धोक मानता येत नाही. हा विषाणू अन्नवाहिन्यांत राहत असल्याने पानाच्या मध्यशिरेचा ठसा घेऊन केलेली प्रतिपिंड चाचणी येथे खरोखर उपयोगी पडते. गवताळ वाढ मात्र फायटोप्लाझ्मामुळे होते. विषाणूचे प्रतिपिंड तिच्याबाबत मौनच पाळणार. अध्यापनात हा भेद बहुधा सुटतो.

नमुन्याचा प्रश्न याहून बिकट आहे. हेक्टरी सुमारे २५,००० दोन डोळ्यांच्या टिपऱ्या लागतात. बेणेमळ्यातील चार-दोन पानांच्या नकारार्थी निकालावर त्या सर्वांना निरोगी ठरवण्यास शास्त्रीय आधार नाही.