आधी तोंडात, मग हातात

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात आरतीला तबल्याची साथ करणारी बहुतेक मुलं अमेरिकेतच जन्मली. त्यांचा कहरवा असा ठाशीव वाजतो, त्याचं श्रेय घराच्या तळघरात सतरंजी अंथरून शनिवार-रविवारी वर्ग घेणाऱ्या आपल्या गुरुजनांना आहे. त्यांची शिकवण्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे.

सुरुवात पढंतीने होते. त्रितालाच्या १६ मात्रा मोठ्याने म्हणायच्या. १, ५ आणि १३ या मात्रांवर टाळी, ९ वर खाली. बोल तोंडात बसला की हातात उतरतो. घरी मराठी अडखळत बोलणारी मुलंही ‘तिरकिट’ स्वच्छ म्हणतात!

मग येतो ‘ना’ हा बोल. अनामिका मधल्या काळ्या शाईच्या कडेवर हलकी टेकलेली, तर्जनीचा आघात बाहेरच्या कडेच्या चाटेवर आणि बोट लगेच वर. ते रेंगाळलं तर नाद दबतो. इथे शिक्षक फार बोलत नाहीत. वाजवून दाखवतात, मुलाचं मनगट सैल करतात, पुन्हा वाजवायला सांगतात. ‘तिरकिट’ची अक्षरंही आधी सुटी: ‘ति’ आणि ‘र’ उजव्या हाताची, ‘कि’ डाव्याची, ‘ट’ पुन्हा उजव्याची. चारही सारख्या वजनाची झाली की मगच दुगुन, म्हणजे दुप्पट लय. एका वेळी एकच चूक सुधारायची, हा संयम नवशिक्याला टिकवून धरतो.

हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेने पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, ताणली जाऊन स्वर चढतो. पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर खालून हातोडी मारून तो उतरवायला शिक्षक मुलांनाच बसवतात; सुराचा कान तिथे तयार होतो. वर्ग ऑनलाइन असेल तर आवाज उशिरा पोचतो, एकत्र वाजवणं जमत नाही. मग गुरूने एक आवर्तन वाजवायचं, ते ऐकून शिष्याने तेच वाजवायचं.

पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. त्याच परंपरेतल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना परदेशातली मुलंही बसतात. त्यामुळे अभ्यासाला क्रम येतो.

पालकांनो, रियाजाच्या वेळी मुलांशेजारी बसा, हाताने ताल धरा. मंडळाने पुढच्या उत्सवात नवशिक्यांना रंगमंचावर नुसता त्रितालाचा ठेका वाजवायला वेळ द्यावा आणि त्यांच्या गुरूंचं नाव निवेदनात आवर्जून घ्यावं. हा मान त्यांचा हक्काचा आहे.