वीस पैशांचा चंद्र

चंद्रावरचं व्याख्यान ऐकायला तुम्ही आलात, आणि मी मात्र खिशातून एक टपाल तिकीट काढतोय.

माणूस चंद्रावर उतरला, त्याच्या आठवणीसाठी आपल्या टपाल खात्यानं हे १९ नोव्हेंबर १९६९ ला काढलं. छपाई नाशिकची, किंमत २० पैसे. गंमत बघा, आर्मस्ट्राँग उतरला जुलैत. तिकीट आलं त्या दिवशी अपोलो १२ चे कॉनराड आणि बीन तिथं उतरत होते! महाराष्ट्रात तेव्हा टीव्ही नव्हता, मुंबईत तो १९७२ साली आला. म्हणजे आपल्या धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातल्या खेड्यात चंद्र पोचला तो रेडिओवरून, वर्तमानपत्रातून आणि नशीब असेल तर एखाद्या पाकिटाला चिकटून. म्हणून या चिटोऱ्याची समीक्षा करावीशी वाटते.

चित्र म्हणून ते मला फिकं वाटतं. चंद्राची जमीन, यान, शेजारून चालणारा अंतराळवीर. चुकीचं काही नाही, पण हे कुठल्याही देशाच्या तिकिटावर खपलं असतं. आपण त्यात कुठं आहोत? खरं तर होतो. अपोलो ११ नं चंद्रावर नाण्याएवढी सिलिकॉनची चकती ठेवली. तिच्यावर ७३ देशांच्या प्रमुखांचे संदेश डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक अक्षरांत कोरलेले, आणि त्यात इंदिरा गांधींचाही. चित्रकाराला केवढा विषय होता! त्यानं तो घेतलाच नाही.

आपल्या तेरच्या कारागिराला हे जमलं होतं. तिथल्या उत्खननात रोमन नाण्यांवरून घडवलेली मातीची पदकं निघाली. नक्कलच ती, पण गळ्यात ओवता येईल अशी. लांबच्या राजाचा मुखडा त्यानं दागिना करून टाकला.

तरी तिकिटाची एक बाजू मी घेणार. १९७१ साली अपोलो १५ चे अंतराळवीर परवानगी नसलेली ३९८ पाकिटं चंद्रावर घेऊन गेले. त्यातली १०० एका जर्मन व्यापाऱ्याकडे विक्रीला गेली. बोभाटा झाला, त्यांनी पैसे परत केले, पण तिघांपैकी कुणालाही पुन्हा अवकाशात जाता आलं नाही. आता ती पाकिटं चंद्राला खरोखर जाऊन आलेली, आणि आपलं तिकीट नाशिकहून निघालेलं. संग्राहक कशाला जास्त मोजेल, हे मी सांगायला नको. पण मला विचाराल तर त्या पाकिटांत पत्र नव्हतं. कुणी कुणाला खुशाली कळवलेली नव्हती. ती जन्मालाच आली आठवणीची वस्तू म्हणून, म्हणजे विकण्यासाठी. आपलं तिकीट कामाला लागलेलं आहे.

पुढच्या रांगेपासून फिरवतो, जपून धरा. शिक्का बसलाय त्यावर, यानाच्या अगदी पायापाशी. गावाचं नाव अर्धंच उमटलंय, कुणाला लागलं तर सांगा.