संज्ञा आणि वाक्य : प्रौढांच्या ऑनलाइन गणित-पाठांची भाषा

गणित ही भाषेच्या पलीकडची विद्या आहे, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. चिन्हे सर्व देशांत एकच. तेव्हा ज्याला चिन्हे कळली त्याला गणित कळले, असे या समजाचे स्वरूप. तो किती अपुरा आहे हे पाहावयाचे असेल तर शाळकरी मुलापेक्षा प्रौढ विद्यार्थ्याकडे पाहावे. दहावी होऊन दहा-पंधरा वर्षे लोटल्यावर, पुढील शिक्षणाची वाट मोकळी व्हावी म्हणून किंवा अपुऱ्या राहिलेल्या शिक्षणाच्या रुखरुखीपोटी, जो बारावीच्या गणिताला बसतो त्याला वर्ग नाही, शंका विचारावी असा गुरू नाही. त्याच्यापाशी असतो तो भ्रमणध्वनीवर पाहिलेला पाठ. या पाठाची भाषा कशी असते आणि ती विद्यार्थ्याला कोठवर नेते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

अशा विद्यार्थ्याला आज दार उघडे आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या उच्च माध्यमिक परीक्षेला वयाची वरची मर्यादा नाही. २०१७ पासून ‘स्वयम्’ व ‘दीक्षा’ ही शासकीय व्यासपीठे उपलब्ध झाली आणि २०२० च्या महासाथीनंतर ऑनलाइन पाठांना सीमा उरली नाही. परंतु दार उघडे असले तरी उंबरठा उंच आहे. दहावीपर्यंत ‘वर्गसमीकरणे’, ‘अंकगणिती श्रेढी’, ‘संभाव्यता’ या शब्दांनी गणित शिकलेल्या विद्यार्थ्याला राज्य मंडळाच्या विज्ञान शाखेत अकरावीच्या पहिल्या पानापासून इंग्रजी पाठ्यपुस्तक हाती घ्यावे लागते. प्रवेशपरीक्षांतील विसंगती तर अधिकच बोलकी आहे. अखिल भारतीय ‘जेईई मेन’ २०२१ पासून मराठीतूनही देता येते. राज्याच्या ‘एमएचटी-सीईटी’मध्ये मात्र भौतिकी व रसायन यांच्या प्रश्नपत्रिकांना मराठीचा पर्याय देऊन गणिताची प्रश्नपत्रिका केवळ इंग्रजीत ठेवण्याचा प्रघात राहिला आहे. गणिताला भाषा लागत नाही, या समजाचेच हे प्रशासकीय रूप होय.

शहाद्यासारख्या तालुक्यात हा प्रश्न आणखी एका पायरीने वाढतो. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. भिली, पावरी, अहिराणी, गुजरी या येथल्या घरोघरच्या बोली. ग्रियर्सनने भिली व खानदेशी यांना आपल्या भाषिक सर्वेक्षणाचा एक स्वतंत्र भाग दिला तो १९०७ मध्ये. या विद्यार्थ्याची प्रमाण मराठी हीच मुळी शाळेत मिळवलेली भाषा. इंग्रजी तिच्याही पुढची. आणि या भूमीत हिशेब ही केवळ शाळेतील गोष्ट कधीच नव्हती. १९७२ मध्ये शहादा येथे श्रमिक संघटना उभी राहिली, तेव्हा सावकारीत गेलेल्या जमिनी आणि सालदारांची मजुरी हे प्रश्न अग्रभागी होते. चक्रवाढ व्याजाची भूमिती श्रेढी ज्यांना मांडता येत होती आणि ज्यांना ती केवळ सोसावी लागत होती, त्यांच्यातील अंतर हे ज्ञानाचेही अंतर होते.

ज्ञानाची भाषा एक आणि व्यवहाराची दुसरी, ही विभागणी खानदेशात नवी नाही. चाळीसगावजवळील पाटण येथे इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला आणि निकुंभवंशीय राजाने त्यास दान दिले, असे त्यात नमूद आहे. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे. मठास कोणते उत्पन्न कसे मिळावे हे सांगताना मात्र लेख मराठीत उतरतो. विद्येची प्रतिष्ठा संस्कृतात, देण्याघेण्याचा तपशील मराठीत. आज संस्कृतच्या जागी इंग्रजी आली एवढेच. तरीही एक धागा तुटला नव्हता. ११५० च्या ‘लीलावती’तील ‘श्रेढी’ हा शब्द आजच्या दहावीच्या पुस्तकात जिवंत आहे. तो अकरावीच्या दारात गळून पडतो.

यावर आपल्याकडे जो वाद झाला तो बहुतांशी शब्दांचा. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, परिभाषा कोश सिद्ध झाले. विश्वकोशाने ‘अवकलन व समाकलन’ या शीर्षकाखाली विषय मांडला. हे कार्य मोलाचे आहे. परंतु पुढचा वाद ‘अवकलन’ म्हणावे की ‘डिफरन्शिएशन’, येथेच घुटमळत राहिला. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ असे वाचन सुचवले गेले, तेव्हा उसळलेला वादही संख्यानामांचाच होता. नाम हाच भाषेचा गाभा, असे आपण धरून चाललो.

वस्तुतः प्रौढ विद्यार्थ्याला नाम अडवीत नाही. ‘फंक्शन’ हा शब्द तो चार दिवसांत आत्मसात करतो, जसा त्याने ‘रिचार्ज’ हा शब्द केला. ‘आता हे डिफरन्शिएट करू’ या वाक्यात क्रियापदाचा सांगाडा मराठीच आहे; अशा मिश्रणाने मराठी बिघडते असे मानण्याचे कारण नाही. अडते ते वाक्यापाशी, किंबहुना वाक्याच्या अभावापाशी. मराठीतून शिकवणारा एखादा लोकप्रिय पाठ ऐकावा. ‘हे इकडे आलं, हे कटलं, याची किंमत इथे टाकली, झालं उत्तर.’ दर्शक सर्वनामे आणि स्थलवाचक अव्यये यांवर हा सारा संवाद उभा असतो. फळ्यासमोर बसलेला मुलगा ‘का?’ असे विचारू शकतो; पडद्यासमोरचा प्रौढ तोच तुकडा पुन्हा ऐकू शकतो, एवढेच. दहा वेळा ऐकूनही ‘हे इकडे आलं’ याचे कारण त्यात सापडत नाही, कारण ते उच्चारलेलेच नसते. ‘पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ हे आपले जुने शालेय सूत्र याच जातीचे. समीकरणाच्या दोन्ही बाजूंत समान संख्या मिळविली असता समता टिकते, हे तत्त्व त्यात लपते आणि उरतो तो केवळ मंत्र.

बारावीच्या अभ्यासक्रमाचा आरंभ तर्कशास्त्रापासून होतो, हे येथे ध्यानात घ्यावे. या क्षेत्रात मराठी दुबळी नाही. ‘चौकोन चौरस असेल तर त्याचे कर्ण समान असतात’ हे विधान सत्य आहे. ‘तर’च्या जागी ‘तरच’ घातले की ते असत्य होते, कारण आयताचेही कर्ण समान असतात. एका ‘च’ने विधानाचा अर्थ पालटण्याची ही शक्ती प्रत्येक मराठी भाषकाच्या जिभेवर आहे. तसेच ‘कोणतीही संख्या घ्या, तिच्याहून मोठी अशी एक संख्या सापडते’ आणि ‘एक संख्या अशी आहे, की जी इतर प्रत्येक संख्येहून मोठी आहे’ या दोन वाक्यांतील भेद पाहावा. पहिले सत्य, दुसरे असत्य. आणि भेद आहे तो केवळ रचनेचा. उच्च गणिताचा पाया अशा रचनांवर उभा आहे. ज्याला त्या ऐकवल्याच नाहीत, त्याने इंग्रजी विधान पाठ केले तरी त्याला ते कळले असे म्हणता येणार नाही.

एक उदाहरण परीक्षेतीलच घेऊ. नाणे पाच वेळा उडविले असता ‘ॲट लीस्ट’ दोन छाप पडण्याची संभाव्यता १३/१६ आहे, ‘ॲट मोस्ट’ दोनची १/२, आणि नेमक्या दोनची ५/१६. सूत्र तिन्ही ठिकाणी एकच. ‘लीस्ट’ म्हणजे लहान आणि ‘मोस्ट’ म्हणजे मोठे एवढेच ज्याला ठाऊक, तो पहिल्या दोहोंची अदलाबदल करतो आणि गुण गमावतो. वास्तविक ‘कमीत कमी दोन’ आणि ‘जास्तीत जास्त दोन’ हे प्रयोग तो बाजारात रोज करतो. त्याचे गणित कच्चे नाही. त्याच्या ज्ञानापर्यंत प्रश्न पोहोचत नाही. परंतु निकालपत्रावर ‘गणितात अनुत्तीर्ण’ असेच उमटते, आणि वयस्क माणूस तो निर्णय आपल्या बुद्धीविषयीचा म्हणून स्वीकारतो. या प्रश्नाचे खरे गांभीर्य येथे आहे.

यावर अशी शंका संभवते, की उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहावयाची असेल तर मराठी वाक्यांचा खटाटोप कशासाठी? तिचे उत्तर असे, की लिहिण्याची भाषा आणि समजण्याची भाषा एकच असली पाहिजे असा नियम नाही. समजण्याला मात्र पूर्ण वाक्य लागते, मग ते कोणत्याही भाषेतील असो. पारिभाषिक नाम इंग्रजी राहू द्यावे. त्याभोवतीचे विधान प्रथम संपूर्ण मराठीत उच्चारावे, ते पडद्यावर लिहावे, नंतर त्याची इंग्रजी रचना शेजारी ठेवावी. गणिताच्या विधानांत वारंवार येणाऱ्या इंग्रजी रचना मोजक्या असतात. त्या वेगळ्या काढून शिकविणे अशक्य नाही. जेथे विद्यार्थी भिली किंवा अहिराणी बोलणारा आहे, तेथे त्याच्या बोलीतील ‘जर-तर’ कसे आहे हे शिक्षकाने जाणून घ्यावे. ही पाहणी मराठीच्या व भाषाविज्ञानाच्या विभागांनी करावयाची आहे. गणिताचे अध्यापक ती एकट्याने करू शकणार नाहीत.

तेव्हा कोणत्याही ऑनलाइन पाठाचे मूल्यमापन करताना त्यात किती इंग्रजी शब्द आले हे मोजण्यात अर्थ नाही. चित्र झाकून केवळ आवाज ऐकावा आणि त्यात ‘कारण’, ‘म्हणून’, ‘जर’, ‘तरच’, ‘असा की’ या शब्दांनी जोडलेली पूर्ण वाक्ये किती आली ते पाहावे. ज्या पाठाला ही कसोटी पार करता येत नाही, तो उत्तर देत असेल. गणित शिकवीत नाही.